सार्वजनिक उद्यान, तळ्याचा काठ आणि नवशिका खेळाडू : डिस्क गोल्फच्या मैदानाचा इतिहास

डिस्क गोल्फ या खेळात गोल्फमधील चेंडू आणि काठी यांच्या जागी प्लास्टिकची चकती असते आणि जमिनीतील खळग्याच्या जागी खांबावर बसवलेली, वर साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली असते. ठरवून दिलेल्या चौथऱ्यावरून, ज्याला गोल्फप्रमाणेच टी म्हणतात, पहिली फेक करायची, चकती जेथे थांबेल तेथून पुढची फेक करायची आणि शक्य तितक्या कमी फेकींत ती टोपलीत पोहोचवायची, एवढाच या खेळाचा गाभा आहे. टीपासून टोपलीपर्यंतच्या एका टप्प्याला होल म्हणतात, एका मैदानात असे नऊ किंवा अठरा टप्पे असतात, आणि सराईत खेळाडूला एखाद्या टप्प्यासाठी जितक्या फेकी लागाव्यात अशी अपेक्षा असते त्या संख्येला पार म्हणतात. या खेळाचा इतिहास सांगताना बहुधा चकतीच्या शोधावर किंवा मोठ्या स्पर्धांच्या विजेत्यांवर भर दिला जातो. तो भर चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण चकती फेकण्याचे खेळ अनेक निघाले आणि त्यांतील बरेचसे समुद्रकिनाऱ्यावरच्या करमणुकीच्या पलीकडे गेले नाहीत. डिस्क गोल्फ मात्र जमिनीला धरून राहिला, आणि ती जमीन सार्वजनिक उद्यानाची होती. कोणीही पायी चालत यावे, हातात एखादी चकती असावी आणि बहुतेक ठिकाणी काहीही शुल्क न देता खेळावे, या व्यवस्थेमुळे हा खेळ टिकला. तळ्याकाठच्या उद्यानात नवशिक्यांसाठी आखलेले छोटे मैदान ही आज नवी टूम वाटत असली, तरी खेळाच्या इतिहासात तेच त्याचे मूळ रूप आहे.

या खेळाचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातला आहे. तेथील ब्लॅडवर्थ या लहान गावी १९२६ मध्ये शाळकरी मुले डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून एक खेळ खेळत असत. मातीत आखलेली वर्तुळे हे त्यांचे लक्ष्य होते आणि खेळाला त्यांनी ‘टिन लिड गोल्फ’ म्हणजे पत्र्याच्या झाकणांचा गोल्फ असे नाव दिले होते. मुले मोठी झाली, गावातून पांगली आणि खेळ तेथेच थांबला. पुढील चार दशकांत वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या लोकांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचत राहिली आणि प्रत्येक वेळी ती त्या लोकांबरोबरच विरत गेली. कल्पना सोपी होती, परंतु तिला राहायला जागा नव्हती, हे या सुरुवातीच्या काळाचे मुख्य लक्षण मानावे लागते.

चकतीचा इतिहास मात्र याच काळात सलगपणे पुढे गेला. कॅलिफोर्नियातील वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन हा तरुण आणि त्याची भावी पत्नी १९३७ मध्ये पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण एकमेकांकडे फेकून खेळत. पुढच्या वर्षी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर केक भाजण्याचा पाच सेंटचा थाळा पंचवीस सेंटला विकत घ्यायला लोक तयार असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून त्यांचा छोटा धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात मॉरिसन लढाऊ वैमानिक होता. हवेचा प्रवाह आणि उचल यांविषयी त्याला तेथे जे ज्ञान मिळाले, त्याच्या आधारे १९४६ मध्ये त्याने उडत्या चकतीचा आराखडा काढला आणि १९४८ मध्ये वॉरन फ्रान्सिओनी या भागीदारासह प्लास्टिकची पहिली चकती बाजारात आणली. आकाशात उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांनी १९४७ पासून अमेरिकेत खळबळ माजवली होती, त्यामुळे चकतीचे नावही तबकडीवरूनच ठेवले गेले. १९५५ मध्ये त्याने ‘प्लूटो प्लॅटर’ ही सुधारलेली चकती तयार केली, २३ जानेवारी १९५७ रोजी तिचे हक्क व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीला दिले आणि त्याच वर्षी कंपनीने तिला फ्रिस्बी हे नाव दिले. हे नाव कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथील फ्रिस्बी पाय कंपनीवरून आले होते, जिचे रिकामे थाळे पूर्व किनाऱ्यावरचे विद्यार्थी फार पूर्वीपासून फेकत असत.

चकती स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध झाल्यावर तिच्या साहाय्याने गोल्फ खेळण्याचे प्रयोग वाढले. कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीच येथे १९५९ मध्ये रस्त्यावरचे खांब आणि झाडे यांना लक्ष्य मानून हा खेळ खेळला जात होता. कॅलिफोर्नियातच १९६५ मध्ये जॉर्ज सॅपनफील्ड या मुलांच्या उन्हाळी खेळांच्या मार्गदर्शकाने त्यांच्यासाठी असाच खेळ बसवला आणि पुढे व्हॅम-ओ कंपनीशी त्याविषयी संपर्क साधला. टोरोंटोच्या क्वीन्स पार्कमध्ये केन वेस्टरफील्ड आणि त्याच्या मित्रांनी १९७० मध्ये अठरा वस्तूंना लक्ष्य करून मैदान कल्पिले. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात जिम पाल्मेरी आणि त्याचे सोबती नियम ठरवून, गुण मोजून नियमित खेळू लागले होते. १९७४ मध्ये रॉचेस्टरच्या गटाने खुली स्पर्धा भरवली आणि तिच्यात विजेत्याला चक्क नवी मोटार बक्षीस ठेवली. ती स्पर्धा डॅन रॉडिक याने जिंकली आणि पुढे तो व्हॅम-ओ कंपनीच्या क्रीडा विभागात कामाला लागला. या सर्व प्रयोगांत लक्ष्य म्हणून दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, कारंजे, झाड अशी जी वस्तू समोर असेल ती वापरली जात होती. नव्याने येणाऱ्याला मैदान दिसतच नसे. ते फक्त जाणत्यांच्या डोक्यात असे. जो खेळ माहीतगाराने हात धरून दाखवल्याशिवाय दिसत नाही, त्याला अनोळखी नवशिका येऊन मिळण्याची शक्यता फार थोडी असते, आणि म्हणूनच पुढचे पाऊल निर्णायक ठरले.

ते पाऊल एड हेड्रिक याने उचलले. १९६४ मध्ये व्हॅम-ओ कंपनीत आलेल्या हेड्रिकने चकतीच्या पाठीवर एककेंद्री उंच रेषा घालून तिचे उड्डाण अधिक स्थिर केले होते. या सुधारणेचे पेटंट त्याला डिसेंबर १९६७ मध्ये मिळाले. साध्या खेळण्याचे क्रीडासाधन करण्याचा त्याचा ध्यास होता. १९७५ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या उद्यान विभागाचे मन वळवून त्याने पॅसाडेना आणि ला कन्याडा या गावांच्या सीमेवरील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. या जागेचा भूगोल लक्षात घेण्यासारखा आहे. आरोयो सेको या नदीच्या पात्रात पूर अडवण्यासाठी १९२० मध्ये डेव्हिल्स गेट नावाचे धरण बांधले गेले होते आणि उद्यान त्या धरणाच्या वरच्या अंगाला, पाणी साठण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या खोऱ्याच्या कडेला होते. त्याच पात्राच्या काठी १९३६ मध्ये कॅल्टेक संस्थेच्या विद्यार्थ्यांनी अग्निबाणांच्या पहिल्या चाचण्या घेतल्या होत्या, ज्यांतून पुढे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. आज या परिसराला तेथील मूळ रहिवासी असलेल्या तोंग्वा लोकांच्या भाषेतील हाहामोंग्ना हे नाव पुन्हा देण्यात आले आहे. पुराच्या भीतीने जेथे घरे बांधता येत नाहीत, जुन्या ओक वृक्षांमुळे जेथे फुटबॉल किंवा बेसबॉलचे सपाट मैदान काढता येत नाही, अशी ती जमीन होती; आणि नेमकी अशीच जमीन या नव्या खेळाला मानवली.

ओक ग्रोव्हच्या पहिल्या मैदानात लक्ष्य म्हणून साधे खांब रोवले होते आणि चकती खांबाला लागली की तो टप्पा पूर्ण झाला असे मानले जाई. चकती खांबाला खरोखर चाटून गेली की जवळून गेली, याविषयी वाद होणे अपरिहार्य होते. हेड्रिक आणि त्याचा मुलगा केन यांनी त्यावर जो उपाय शोधला त्याने खेळाचे स्वरूप कायमचे ठरवले. खांबाच्या माथ्यावर एक कडे, त्या कड्यापासून खांबाकडे झुकत उतरणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्या खाली उथळ टोपली अशी त्याची रचना होती. वेगाने आलेली चकती साखळ्यांत शिरली की साखळ्या हलून तिचा वेग शोषून घेतात आणि ती खाली टोपलीत पडते. या साधनाचे पेटंट ऑगस्ट १९७७ मध्ये मिळाले. त्याचा तांत्रिक गुण जितका महत्त्वाचा, तितकाच सामाजिक गुणही महत्त्वाचा म्हटला पाहिजे. टोपली लांबून दिसते, ती कशासाठी आहे हे पाहणाऱ्याला कोणी न सांगता कळते, आणि चकती साखळ्यांत अडकल्याचा खणखणाट पंच नसतानाही निर्णय देतो. वाटेने जाणारा अनोळखी माणूस थांबून विचारपूस करील आणि कदाचित दुसऱ्या दिवशी स्वतः चकती घेऊन येईल, ही शक्यता टोपलीने निर्माण केली. खेळाच्या प्रसाराचे श्रेय एखाद्याच वस्तूला द्यायचे झाल्यास ते चकतीपेक्षा टोपलीला द्यावे लागेल.

हेड्रिकने व्हॅम-ओ सोडून टोपल्या विकण्यासाठी आणि मैदाने आखण्यासाठी स्वतःची संस्था काढली आणि १९७६ मध्ये व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेची, म्हणजे पीडीजीएची, स्थापना केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी या संघटनेचा कारभार त्याने खेळाडूंच्या हाती सोपवला. त्याच्या व्यवसायाची रीत विचारपूर्वक ठरवलेली दिसते. ग्राहक खेळाडू नसून नगरपालिका किंवा काउंटी होती, आणि तिच्यापुढे मांडायचा हिशेब सोपा होता. अठरा होलच्या गोल्फ मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन, रोज पाणी, सतत कापणी आणि खतांची मात्रा लागते. डिस्क गोल्फला गवत जसे असेल तसे चालते, झाडे तोडावी लागत नाहीत, उलट तीच अडथळ्याचे काम करतात, आणि एकदा टोपल्या रोवल्या व टीचे चौथरे बांधले की वर्षाचा खर्च अगदी थोडा राहतो. नऊ होलचे लहान मैदान काही एकरांतच बसते. शुल्क घेण्यासाठी माणूस ठेवण्यापेक्षा मैदान फुकट ठेवणे स्वस्त पडते, हे उद्यान विभागांना लवकरच कळले, आणि या साध्या आर्थिक कारणाने खेळाला त्याची सर्वांत मौल्यवान देणगी मिळाली. ज्याला आपल्याला हा खेळ जमेल की नाही हे माहीत नाही, त्याला आधी पैसे मोजावे लागत नाहीत.

ही मैदाने तळ्यांच्या आणि जलाशयांच्या काठी इतक्या मोठ्या संख्येने का आढळतात, याचे उत्तरही जमिनीच्या या अर्थशास्त्रात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत पूरनियंत्रण, वीज आणि पाणीपुरवठा यांसाठी असंख्य धरणे बांधली गेली, आणि पाण्याच्या कडेची बरीच जमीन सार्वजनिक मालकीची राहिली. तिचा उतार, ओल आणि अधूनमधून येणारे पाणी यांमुळे इतर खेळांना ती गैरसोयीची होती. ऑरेंज काउंटीतील हंटिंग्टन बीच येथे तळी असलेल्या सेंट्रल पार्कमध्ये मैदान झाले आणि १९७९ मध्ये व्हॅम-ओने पन्नास हजार डॉलरच्या बक्षिसांची स्पर्धा त्याच शहरात भरवली. टोरोंटोत ऑन्टॅरिओ सरोवरातील बेटांवर कायमस्वरूपी मैदान उभे राहिले, जेथे आजही नावेतून जावे लागते. या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण जॉर्जिया राज्यात आहे. सव्हाना नदीवर सैन्याच्या अभियंता दलाने १९४६ ते १९५४ या काळात जे धरण बांधले, त्याच्या जलाशयाला अधिकृतपणे एका सिनेटरचे नाव असले तरी जॉर्जियातील लोक त्याला क्लार्क्स हिल तलाव असेच म्हणतात. त्याच्या काठी कोलंबिया काउंटीतील ॲपलिंगजवळ वाइल्डवुड नावाचे पाइन वृक्षांचे विस्तीर्ण उद्यान आहे. २००७ मध्ये पीडीजीएने आपले मुख्यालय, संग्रहालय आणि सन्माननीय खेळाडूंचे दालन येथे उघडले. तीन स्वतंत्र मैदाने एकाच उद्यानात असून त्यांतील एक हेड्रिकच्या स्मरणार्थ आहे, तर दुसरे, डब्ल्यू. आर. जॅक्सन मैदान, मोठ्या स्पर्धांसाठी आखलेले आहे. एका जागतिक संघटनेने आपले घर मोठ्या शहरातील इमारतीत न थाटता तळ्याकाठच्या काउंटी उद्यानात थाटले, यावरून या खेळाला त्याच्या मुळाची जाणीव होती असे म्हणता येते.

परंतु वाइल्डवुडमध्ये तीन मैदाने का लागली, हा प्रश्न इतिहासाच्या दुसऱ्या वळणाकडे नेतो. १९७५ मध्ये सर्व खेळाडू एकाच प्रकारची, जाड आणि गोलसर काठाची फ्रिस्बी वापरत होते. ती दूर जात नसे, त्यामुळे टप्पे लहान होते आणि सराईत व नवशिका यांच्यातील अंतर आटोक्यात होते. १९८२ मध्ये पीडीजीएची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि हॅरल्ड डुव्हाल ती जिंकला. पुढच्याच वर्षी तो, डेव्ह ड्युनिपेस आणि इतर सहकारी यांनी इनोव्हा ही कंपनी काढून तिरप्या, निमुळत्या काठाची चकती बाजारात आणली. काठ निमुळता झाल्याने हवेचा रोध कमी झाला, चकतीचा व्यास लहान आणि काठ जड करता आला आणि एकाच फेकीत जाणारे अंतर झपाट्याने वाढले. पुढील दोन दशकांत चकत्यांचे तीन वर्ग पडले : लांब फेकीसाठी ड्रायव्हर, मध्यम अंतरासाठी मिडरेंज आणि टोपलीजवळच्या अचूक फेकीसाठी पटर. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स या खेळाडूने वाऱ्याच्या साहाय्याने वाळवंटात ३३८ मीटर अंतर गाठले, तर नवख्या माणसाची चकती साधारण तीस ते साठ मीटर जाऊन जमिनीला टेकते. चांगल्या खेळाडूंना जुनी मैदाने खेळ वाटेनाशी झाली, म्हणून टप्पे लांबवले गेले, टी मागे सरकल्या, आणि ज्या मैदानावर पूर्वी कोणीही येऊन खेळत असे, तेथे नवशिक्याला एका टप्प्यासाठी आठ-दहा फेकी लागू लागल्या. या बदलाचा दोष चकती सुधारणाऱ्यांना देणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी खेळाला खोली दिली. पण मैदाने लांबवताना जुनी छोटी मैदानेही राखली पाहिजेत, याकडे बऱ्याच ठिकाणी दुर्लक्ष झाले हेही तितकेच खरे आहे.

नवशिक्याची अडचण केवळ ताकदीची नसते, ती चकतीच्या उड्डाणाच्या भौतिकीतच आहे, आणि मैदान आखणाऱ्याला ती समजून घ्यावी लागते. चकतीला मिळणारी गिरकी तिचा तोल राखते. गिरकी नसेल तर ती क्षणात उलटेल. उजव्या हाताने, पाठीमागून पुढे आणून फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग अधिक असताना ती किंचित उजवीकडे झुकते, ज्याला खेळाडू टर्न म्हणतात, आणि वेग ओसरला की डावीकडे वळून खाली येते, ज्याला फेड म्हणतात. अति वेगासाठी बनवलेल्या चकतीला पुरेसा वेग मिळालाच नाही, तर टर्नचा टप्पा येतच नाही आणि हातातून सुटताच ती डावीकडे कोसळते. म्हणूनच दुकानातील सर्वांत वेगवान ड्रायव्हर घेणारा नवा खेळाडू बहुधा निराश होतो, आणि जाणकार त्याला हलकी, कमी वेगाची मिडरेंज किंवा पटर घेऊन सुरुवात करण्यास सांगतात. आता इनोव्हाने रूढ केलेल्या पद्धतीनुसार चकत्यांवर वेग, तरंगणे, टर्न आणि फेड असे चार आकडे छापलेले असतात. त्यांतील पहिला आकडा जितका मोठा, तितकी ती चकती नवख्या हाताला अवघड, एवढे लक्षात ठेवले तरी सुरुवातीला पुरते.

तळ्याकाठी या भौतिकीला दोन गोष्टी येऊन मिळतात, पाणी आणि वारा. उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला झाडे किंवा इमारती अडवत नाहीत, त्यामुळे काठावरची फेक नेहमी त्याच्या तावडीत असते. समोरून वारा असेल तर हवेच्या तुलनेत चकतीचा वेग वाढतो, ती अधिक वर उचलली जाते आणि उजवीकडे अधिक झुकते. पाठीमागून वारा असेल तर उचल कमी होऊन ती लवकर खाली येते आणि डावीकडे वळते. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याची चकती बहुतेक वेळा डावीकडेच पडत असल्याने, तळे त्याच्या डाव्या हाताला ठेवून आखलेला टप्पा त्याच्यासाठी चकत्यांची स्मशानभूमी ठरतो. जुन्या मैदानांच्या आखणीत ही चूक वारंवार आढळते, कारण आखणारा स्वतः सराईत असतो आणि त्याच्या नजरेला तळे हे सुंदर आव्हान दिसते. नियमांनुसार पाणी बहुधा मर्यादेबाहेर धरले जाते आणि तेथे पडलेल्या चकतीला एका फेकीचा दंड असतो. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने खरा दंड वेगळाच असतो, कारण बहुतेक चकत्या पाण्यात बुडतात आणि एकुलती एक चकती बुडाली की त्या दिवसाचा खेळ संपतो. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या चकत्या आता मिळतात, तरी चांगला उपाय आखणीचाच आहे : तळे टोपलीच्या मागे लांब दिसावे किंवा उजवीकडे प्रशस्त अंतर राखून असावे, आणि काठावरून उडी मारण्याचा मोह व्हावा अशी एकही फेक नवशिक्यांच्या मैदानात नसावी.

पाण्यातील चकतीचा मोह ही किरकोळ बाब नाही. फ्लोरिडातील लार्गो येथील टेलर पार्क या तळ्याकाठच्या उद्यानात २०२२ मध्ये बुडालेल्या चकत्या शोधण्यासाठी तळ्यात उतरलेल्या एका माणसाचा मगरीच्या जातीच्या ॲलिगेटरने जीव घेतला. तळ्यात पोहण्यास मनाई असल्याचे फलक तेथे लावलेले होते. तळी सार्वजनिक असतात, त्यांत पक्ष्यांची घरटी असतात, काठावर मासे पकडणारे बसलेले असतात आणि पाऊलवाटेवर मुलांना घेऊन आईवडील चालत असतात. १५० ते १८० ग्रॅम वजनाची कठीण प्लास्टिकची चकती वेगाने डोक्यात बसली तर गंभीर इजा होते, हे १९७५ च्या मऊ फ्रिस्बीबाबत खरे नव्हते. झाडांच्या खोडांवर होणारे घाव आणि टी व टोपली यांच्याभोवती सतत पायांखाली दबून घट्ट होणारी माती यांविषयी अनेक शहरांत निसर्गप्रेमींनी तक्रारी केल्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच रास्त आहेत. खोडांना संरक्षक आवरण घालणे, टोपलीची जागा काही महिन्यांनी बदलणे, टीभोवती लाकडाचा भुसा पसरणे, पाऊलवाट ओलांडणारी एकही फेक न ठेवणे हे उपाय स्वस्त आहेत. ते न करणारी मैदाने पुढे बंद पडली तर खेळाडूंना इतर कोणाला दोष देता येणार नाही, कारण उद्यान त्यांच्या आधीपासून इतरांचे होते.

सराईत आणि नवशिका यांना एकाच जमिनीवर सामावून घेण्यासाठी पीडीजीएने रंगांची पद्धत रूढ केली. एका टोपलीकडे खेळण्यासाठी वेगवेगळ्या अंतरांवर टी ठेवायच्या. सोनेरी आणि निळी टी कसलेल्यांसाठी, पांढरी मध्यम खेळाडूंसाठी, आणि लाल किंवा हिरवी कमी ताकदीच्या व नव्या खेळाडूंसाठी. ही पद्धत उपयुक्त असली तरी तिची मर्यादाही आहे. लाल टीवरून खेळणारे कुटुंब आणि सोनेरी टीवरून फेकणारे चौघे एकाच वाटेवर आले की एक गट थांबून राहतो आणि दुसरा संकोचाने घाई करतो. सर्वांत आधी घर गाठतो तो नवशिका. म्हणून नवशिक्यांसाठी वेगळे, नऊ टप्प्यांचे, सुमारे पन्नास ते सत्तर मीटर लांबीच्या होलचे आणि मोकळ्या वाटांचे मैदान असणे हे एकाच मैदानात अनेक टी ठेवण्यापेक्षा श्रेयस्कर आहे. रेकजाविकमधील क्लाम्ब्रातून या शहरी उद्यानातले नऊ होलचे मैदान याचा नमुना म्हणून दाखवता येते : घरांच्या मध्यावर, सपाट, लहान टप्प्यांचे, जेथे शाळकरी मुले आणि वृद्ध एकाच संध्याकाळी खेळताना दिसू शकतात. आइसलँड, फिनलंड आणि एस्टोनिया या देशांत लोकसंख्येच्या मानाने डिस्क गोल्फची मैदाने जगात सर्वाधिक आहेत, आणि याचे कारण तेथील थंड हवामानात किंवा जंगलांत शोधण्यापेक्षा नगरपालिकांनी आणि शाळांनी छोट्या मैदानांना दिलेल्या पाठबळात शोधणे अधिक योग्य ठरेल. जागतिक अजिंक्यपद २०२२ आणि २०२३ मध्ये लागोपाठ जिंकणारी क्रिस्तिन तात्तार अशाच छोट्या देशातून, एस्टोनियातून आली.

२०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत बंदिस्त क्रीडागृहे बंद असताना उद्याने उघडी राहिली, एकमेकांपासून अंतर राखून खेळता येणारा हा खेळ लाखो लोकांनी प्रथमच हाती घेतला आणि पीडीजीएची सदस्यसंख्या २०२१ मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. त्याच वर्षी पॉल मॅकबेथ या विजेत्याने डिस्क्राफ्ट या चकती बनवणाऱ्या कंपनीशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला, जो या खेळाच्या इतिहासात तोवर अभूतपूर्व होता. वृत्तपत्रांचे लक्ष त्या कराराकडे गेले हे स्वाभाविक होते, परंतु खेळाच्या भवितव्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना उद्यान विभागांच्या कार्यालयांत घडत होती. नव्याने आलेली माणसे लांब मैदानांवर अडखळत आहेत हे पाहून अनेक शहरांनी तळ्याकाठी, शाळेमागे किंवा वाचनालयाशेजारी नऊ होलची छोटी मैदाने आखायला घेतली. त्यांतील टोपलीची घडण हेड्रिकच्या १९७७ च्या पेटंटमधील घडणीपेक्षा मुळात फारशी वेगळी नाही, आणि टप्प्यांची लांबी ओक ग्रोव्हच्या मूळ टप्प्यांच्या जवळपास येते. हेड्रिक ऑगस्ट २००२ मध्ये मरण पावला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याची राख चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. खेळाच्या वाढीचे मोजमाप बक्षिसांच्या रकमेवरून करण्याची सवय आता सोडून द्यायला हवी. ज्या शहराने तळ्याकाठी पाण्यापासून सुरक्षित अंतर राखून नवशिक्यांसाठी नऊ टोपल्या रोवल्या आणि त्या सर्वांसाठी फुकट ठेवल्या, त्याने या खेळासाठी मोठी स्पर्धा भरवणाऱ्या शहरापेक्षा अधिक काम केले आहे.